मीटरचा वाटा

जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओचा किंवा अ‍ॅम्प्लिफायरचा सर्किट डायग्राम कधी उघडून बघितलात, तर त्यात जागोजागी व्होल्टेजचे आकडे छापलेले दिसतात. इथे १२०, तिथे ४०, पलीकडे १.२. आणि पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक टीप असते: ही व्होल्टेजं २०,००० ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने मोजली आहेत. कुठे त्याऐवजी व्हॅक्यूम ट्यूब व्होल्टमीटरचा उल्लेख असतो. बहुतेक जण ती टीप वाचतच नाहीत. आकडा महत्त्वाचा, तो कशाने मोजला याच्याशी आपल्याला काय करायचंय!

पण वाचकहो, या एका ओळीमागे दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि तो विसरला की आजही चांगल्या वस्तू कचऱ्यात जातात. आपल्या मंडळींत वीकेंडला गॅरेजमध्ये सोल्डरिंग आयर्न तापवत बसणारे कमी नाहीत. घरच्या घरी ट्यूबचा कंडेन्सर मायक्रोफोन बनवण्याचा छंदही त्यातलाच. कुणाला मुलीचं शास्त्रीय गाणं नीट रेकॉर्ड करायचं असतं, कुणाला तबल्याच्या डग्ग्याची घुमक पकडायची असते. माइक तयार होतो, डिजिटल मल्टिमीटर हातात घेतला जातो, आणि कागदावर जिथे ६० व्होल्ट लिहिलेत तिथे मीटर साडेपाच दाखवतो! मग संशयाची सुई फिरू लागते. ट्यूब गेली असेल, कपॅसिटर लीक होत असेल, पॉवर सप्लाय कमी पडत असेल. एकेक भाग बदलला जातो आणि आकडा मात्र साडेपाचच. कारण सर्किट ठीक आहे, मीटरही ठीक आहे. मीटरने मोजता मोजता आपला वाटा उचलला, एवढंच झालं आहे.

शितावरून भात

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. पातेलंभर भात असेल तर एक शीत चाखल्याने काही बिघडत नाही. पण वाटीत मोजून चारच शितं असली तर? परीक्षेतच पाव भात संपला.

व्होल्टमीटरचं तसंच आहे. काटा हलवायला किंवा आकडा दाखवायला तो सर्किटमधून थोडा करंट घेतो. बॅटरी, घरातला वीजपुरवठा ही भरलेली पातेली. तिथे मीटरने घेतलेलं शीत कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ट्यूब माइकच्या आत १०० मेगओहम, कधीकधी १ गिगाओहमचे रेझिस्टर असतात. १०० मेगओहम म्हणजे दहा कोटी ओहम. एवढ्या मोठ्या रेझिस्टरमधून करंट जवळजवळ झिरपतच येतो.

आता हिशेब करू. ६० व्होल्टच्या मागे १०० मेगओहम आहेत आणि आपल्या डिजिटल मीटरचा रेझिस्टन्स १० मेगओहम आहे. दोघे मिळून ११०. मीटरच्या वाट्याला येतात ६० चे अकरावा हिस्सा, म्हणजे ५.४५ व्होल्ट. हीच गोष्ट २०,००० ओहम प्रति व्होल्टच्या काट्याच्या मीटरने, १०० व्होल्टच्या रेंजवर केली तर त्याचा रेझिस्टन्स २ मेगओहम भरतो, आणि काटा जेमतेम १.२ व्होल्ट दाखवतो. त्याआधीच्या काळातला १००० ओहम प्रति व्होल्टचा मीटर असता तर ०.०६ व्होल्ट! व्होल्टेज तिन्ही वेळा ६० च होतं, मीटर लावेपर्यंत.

काहीही न घेता मोजायचं

ही अडचण ट्यूबच्या आधीपासूनची आहे, आणि तिच्यावरचा सगळ्यात सुंदर तोडगाही तितकाच जुना आहे. १८४१ मध्ये बर्लिनच्या योहान पोगेनडॉर्फ यांनी एक पद्धत मांडली. अनोळखी व्होल्टेजच्या समोर आपलं स्वतःचं, कमीजास्त करता येणारं व्होल्टेज उभं करायचं आणि मधे गॅल्व्हानोमीटर ठेवायचा. दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या की मधून करंट जात नाही, काटा शून्यावर येतो. मग आपण लावलेलं व्होल्टेज मोजायचं, तेच उत्तर. वाण्याच्या तराजूसारखंच हे. काटा मधोमध आला की पारड्यातलं वजन वाचायचं. त्या क्षणी समोरच्याकडून काहीच घेतलेलं नसतं.

तराजूला वजनं लागतात, तशी या पद्धतीला खात्रीची बॅटरी लागते. ती दिली एडवर्ड वेस्टन यांनी. जन्माने इंग्लिश, १८७० मध्ये अमेरिकेत आलेले, म्हणजे तेही आपल्यासारखेच परदेशी येऊन स्थिरावलेले. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये १८८८ साली त्यांनी मीटर बनवणारी कंपनी काढली. १८९३ च्या त्यांच्या कॅडमियम सेलचं व्होल्टेज १.०१८३ च्या आसपास इतकं स्थिर राहायचं की पुढे अनेक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांनी व्होल्ट त्याच्यावरून ठरवला. नेवार्क विमानतळावर आपण कितीदा पाहुण्यांना आणायला जातो, पण तिथल्या एका कारखान्याने व्होल्टचं वजनमाप सांभाळलं होतं हे फारसं कुणाच्या कानावर नसतं.

दुसरा रस्ता शोधला ग्लासगोच्या विल्यम थॉमसन यांनी, पुढचे लॉर्ड केल्व्हिन. त्यांचा क्वाड्रंट इलेक्ट्रोमीटर १८६० च्या दशकातला. पितळेच्या डबीचे चार तुकडे, त्यांच्यामध्ये टांगलेली अ‍ॅल्युमिनियमची हलकी पट्टी. विद्युतभाराच्या ओढीने पट्टी वळते. सतत वाहणारा करंट तिला लागतच नाही. १८९७–९८ मध्ये पॅरिसमध्ये मारी क्युरी युरेनियममुळे हवेतून जाणारा अतिसूक्ष्म करंट मोजत होत्या, तेव्हा त्यांच्या टेबलावर असाच इलेक्ट्रोमीटर होता. जोडीला पिएर आणि त्यांचे भाऊ जाक यांनी बनवलेलं क्वार्ट्‌झचं उपकरण. क्वार्ट्‌झच्या पट्टीला वजन टांगून तिच्यातून विद्युतभार मिळवायचा, समोरून येणारा भार त्याने फेडायचा आणि इलेक्ट्रोमीटर शून्यावर धरून ठेवायचा. पोगेनडॉर्फची तराजूचीच युक्ती, वेगळ्या वेषात. रेडियमचा माग अशा मोजणीतून लागला.

ही उपकरणं मात्र नाजूक. भिंतीला पक्की बसवायची, हवेचा झोत लागू द्यायचा नाही, पावसाळी दमटपणात तर विचारूच नका. रोजच्या कामाला, दुरुस्तीवाल्याच्या पिशवीत टाकायला ती उपयोगाची नव्हती.

मायक्रोफोन हेच एक मोजमापाचं यंत्र

आता आपल्या माइककडे येऊ. आजचा स्टुडिओतला कंडेन्सर मायक्रोफोन मुळात गाण्यासाठी जन्मलाच नव्हता. न्यूयॉर्कमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या एडवर्ड वेंटे यांनी तो १९१६ मध्ये तयार केला आणि १९१७ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू'त त्याविषयी निबंध लिहिला. उद्देश होता आवाजाची तीव्रता अचूक मोजण्याचा. टेलिफोनमधला कार्बनचा माइक आवाज मोठा करायचा, पण त्यात मनाचं बरंच घालायचा. वेंटे यांना इमानदार साक्षीदार हवा होता.

रचना साधी. एक ताणलेला पातळ पडदा, त्याच्यामागे केसाएवढ्या अंतरावर धातूची तबकडी. झाला कपॅसिटर. त्याला मोठ्या रेझिस्टरमधून व्होल्टेज देऊन ठेवायचं. आवाजाने पडदा हलला की अंतर बदलतं आणि व्होल्टेज थरथरतं. पण ही थरथर इतकी दुबळी असते की तिच्यापासून थोडाही करंट मागितला तर ती विझते. स्टुडिओतल्या कॅप्सूलची क्षमता साधारण ५० पिकोफॅरॅड धरली आणि तिला १०० पिकोफॅरॅडची साधी वायर जोडली, तर आवाज एक तृतीयांश उरतो.

यावर उपाय व्हॅक्यूम ट्यूब. ली डी फॉरेस्ट यांच्या १९०६ च्या शोधातून सुधारत गेलेली ट्यूब तोपर्यंत वेस्टर्न इलेक्ट्रिककडे भरवशाची झाली होती. ट्यूबची ग्रिड ऋण व्होल्टेजवर ठेवली की ती जवळजवळ करंट घेत नाही. नुसतं बघते आणि प्लेटकडच्या मोठ्या करंटला हुकूम सोडते. म्हणून ट्यूब कॅप्सूलच्या अगदी शेजारी ठेवायची. बर्लिनमध्ये गेओर्ग नॉयमन यांनी १९२८ मध्ये आणलेला सीएमव्ही ३ हा माइक बाटलीसारखा लांबोडका दिसतो तो याच कारणाने. त्याच्या पोटात ट्यूब आहे. त्याच कंपनीचा १९४९ चा यू ४७ पुढे फ्रँक सिनात्रांपासून बीटल्सपर्यंत अनेकांच्या तोंडासमोर राहिला.

मग तो १०० मेगओहमचा रेझिस्टर कशाला, छोटा का नाही, असं कुणी विचारेल. ५० पिकोफॅरॅडबरोबर १०० मेगओहम घेतले तर खालचे सूर ३२ हर्ट्‌झपर्यंत शाबूत राहतात. १० मेगओहम घेतले तर ३२० हर्ट्‌झच्या खाली उतरण लागते. म्हणजे डग्गा गेला आणि तानपुऱ्याचा खर्जही पातळ झाला. तेव्हा मोठा रेझिस्टर ही चैन नव्हे, गरज आहे. आणि त्याच जागी १० मेगओहमचा मीटर टेकवला तर काय होईल हेही यावरून कळतं.

तीच ट्यूब, मीटरच्या पोटात

माइकवाल्यांना जी ट्यूब सापडली तीच मोजणाऱ्यांनाही सापडली. १९२२ मध्ये केंब्रिजच्या ई. बी. मौलिन यांनी ट्यूबचा व्होल्टमीटर मांडला. व्होल्टेज ग्रिडला द्यायचं आणि काटा प्लेटच्या बाजूला जोडायचा. नीट पाहिलं तर माइकमधला अ‍ॅम्प्लिफायर आणि हा मीटर सख्खे भाऊ आहेत. एकाच्या बाहेरच्या टोकाला लाउडस्पीकर, दुसऱ्याच्या टोकाला काटा.

सर्वसामान्य दुरुस्तीवाल्याकडे मात्र काट्याचा मल्टिमीटरच असायचा. ब्रिटनमध्ये पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकाडी वेगवेगळे मीटर वागवून कंटाळले आणि अँपिअर, व्होल्ट, ओहम तिन्ही एका पेटीत घातले. १९२३ मध्ये बाजारात आलेला तो अ‍ॅव्होमीटर. भारतात इंजिनिअरिंग किंवा आयटीआय केलेल्या जुन्या पिढीला हे नाव वेगळं सांगायला नको. ती काळी जडशीळ पेटी आणि तिच्या कातडी पट्ट्याची आठवण अनेकांना असेल. १९५१ चा त्याचा आठवा मॉडेल २०,००० ओहम प्रति व्होल्टचा होता आणि तो २००८ पर्यंत बनत राहिला. आपल्याकडे नाशिकला मोटवाने यांचे मल्टिमीटर तयार होऊ लागले. गांधी-नेहरूंच्या सभांच्या जुन्या फोटोंत माइकवर 'शिकागो रेडिओ' ही पाटी दिसते ना, ती याच मोटवाने घराण्याची. माइक आणि मीटर यांचं नातं असं आपल्या घरीही सापडतं.

अमेरिकेत १९४० च्या दशकात ट्यूबचा व्होल्टमीटर सर्व्हिसिंगच्या दुकानांत शिरला. आरसीएचा व्होल्टोमिस्ट, पुढे हीथकिटचा स्वतः जोडायचा संच. त्यांचा रेझिस्टन्स ११ मेगओहम, आणि तो सगळ्या रेंजवर तेवढाच. काट्याच्या मल्टिमीटरचं तसं नसतं, तिथे रेंज बदलली की मीटरची भूकही बदलते.

आता कोपऱ्यातल्या त्या टिपेकडे परत या. प्लेटवर खरे ४० व्होल्ट आहेत आणि त्या जागेचा रेझिस्टन्स साधारण ५० किलोओहम आहे असं समजा. ५० व्होल्टच्या रेंजवर १००० ओहमचा मीटर २० दाखवेल, २०,००० ओहमचा ३८ आणि ट्यूबचा जवळजवळ ४०. कंपनीच्या इंजिनिअरला हे माहीत होतं. दुरुस्तीवाल्याकडे कुठला मीटर असणार हेही ठाऊक होतं. म्हणून तो त्याच मीटरचा आकडा छापायचा आणि खाली तसं लिहून टाकायचा. 'सर्किटमध्ये ३८ आहेत' असा दावा त्या कागदाने केलेलाच नसतो. 'या मीटरला ३८ दिसतील' एवढंच तो सांगतो. आजचा मीटर लावून तिथे ४० दिसले, तर दोन व्होल्टचा बिघाड शोधत बसायचं कारण नाही.

१९५० च्या दशकात डिजिटल व्होल्टमीटर आले, नंतर ते हातात मावू लागले. १० मेगओहम ही त्यांची जणू वहिवाटच होऊन बसली. ट्रान्झिस्टरच्या काळात हा आकडा बहुतेक ठिकाणी पुरून उरला, आणि टीप छापायची पद्धतही मागे पडत गेली. न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्समध्ये, जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ मध्ये इलेक्ट्रेट मायक्रोफोन काढला. त्याच्या पातळ पडद्यातच विद्युतभार कायमचा मुरवलेला असल्याने बाहेरून ६० व्होल्ट देण्याचीच गरज संपली. मीटरवर आंधळा विश्वास टाकायची सवय लागायला हे सगळं पुरेसं होतं.

गॅरेजमध्ये काय करायचं?

ट्यूब माइक बनवणाऱ्याला मात्र अजूनही १९१६ सालचाच प्रश्न पडतो, आणि त्याची उत्तरंही जुन्या मंडळींनीच देऊन ठेवली आहेत.

सगळ्यात आधी जिवाची काळजी. सप्लायमध्ये १०० च्या वर व्होल्टेज असतं आणि बंद केल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. ते रेझिस्टरमधून रिकामे करून, मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये. चालू सर्किटवर मोजताना जुने मेकॅनिक एक हात खिशात ठेवायचे, ते उगाच नाही.

पहिलं उत्तर : मोठ्या रेझिस्टरच्या अलीकडे मोजा. ६० व्होल्ट जिथून निघतात तिथे मागचा रेझिस्टन्स १०० किलोओहमच असेल तर डिजिटल मीटर ५९.४ दाखवतो. चूक एक टक्का. पलीकडे गळती नसेल तर तेच ६० कॅप्सूलवर पोचतात.

दुसरं : ग्रिडला हात लावू नका, ट्यूबलाच विचारा. कॅथोडच्या दीड किलोओहमवर १.२ व्होल्ट मिळाले म्हणजे ०.८ मिलिअँपिअर वाहतात. तेवढेच प्लेटच्या १०० किलोओहममधून गेले की ८० व्होल्ट पडतात, आणि १२० च्या सप्लायमधून प्लेटवर ४० उरतात. दोन्हीकडचा हिशेब जुळला की ट्यूब ठीक काम करते आहे. ग्रिड गळते का हे बघायचं असेल तर प्लेटवर मीटर लावून ठेवा आणि ग्रिड क्षणभर ग्राउंडला जोडा. प्लेटचा आकडा जागचा हलला नाही तर ग्रिड स्वच्छ आहे. ठळकपणे सरकला तर कुठेतरी पाणी मुरतंय. १० नॅनोअँपिअरची गळती म्हणजे १०० मेगओहमवर पुरता एक व्होल्ट! दोष ट्यूबचाच असेल असं नाही. सॉकेटवर राहिलेला फ्लक्स, बोटांचा तेलकट ठसा, दमट हवा यांनीही एवढं होतं. म्हणून ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, कोरडी करून पुन्हा बघायचं आणि मगच ट्यूबला बोल लावायचा.

तिसरं उत्तर म्हणजे आपला १८४१ चा तराजू. कॅप्सूलच्या बिंदूवरच मोजायचं असेल तर दुसरा, कमीजास्त करता येणारा सप्लाय घ्या. दोन्हींचे ऋण टोक एकत्र जोडा आणि मीटर दोन धन बिंदूंच्या मधे लावा. सप्लाय हळूहळू वाढवत न्या. अजून एक व्होल्टचा फरक असला तरी मीटर ९० मिलिव्होल्टच्या आसपास दाखवतो, म्हणजे पल्ला सहज कळतो. शून्य आलं की थांबा. आता सप्लायचं व्होल्टेज वेगळं मोजा. जो मीटर मघाशी साडेपाच सांगत होता तोच आता ६० सांगतो. मीटर बदलला नाही, फक्त त्याला खायला घालणं थांबवलं.

महागडे टेबलावरचे मीटर १० व्होल्टपर्यंतच्या रेंजवर १० गिगाओहमच्या वर जातात, पण ६० व्होल्टसाठी रेंज वाढवली की तेही १० मेगओहमवर येतात. तराजूला ही मर्यादा नाही.

हे सगळं माहीत असण्यात एक व्यवहारही आहे. यू ४७ मध्ये टेलिफुंकेनची व्हीएफ १४ ही ट्यूब असायची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिचं उत्पादन थांबलं, आणि आज चालू स्थितीतल्या प्रत्येक ट्यूबला मोठी किंमत आहे. मीटरच्या चुकीच्या आकड्यावरून अशी ट्यूब बाद ठरवली, तर ती परत बनवून देणारं कुणी नाही.

तेव्हा या दिवाळीच्या सुट्टीत कुणी माइक जोडायला बसणार असेल, तर डायग्रामवर आपले आकडे पेन्सिलीने जरूर लिहा. आणि खाली कोपऱ्यात, जुन्या मंडळींसारखं, कोणत्या मीटरने आणि कोणत्या रेंजवर मोजले तेही लिहा. वीस वर्षांनी तोच माइक उघडणाऱ्या तुमच्या नातवंडाला त्या ओळीवरून कळेल की यातलं माइकचं किती आणि मीटरचं किती.